गाडी वेळेवर आहे

तिच्या चौकशीच्या खिडकीवर आजवर लोकांनी मुठी आपटल्या होत्या, डबे ठेवले होते, पण कुणी पाय ठेवला नव्हता. गुडघ्याखालचा, चकचकीत बूट घातलेला पाय.

ती दचकून मागे सरकली.

"घाबरू नका, माझा नाही," काचेपलीकडचा तरुण म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे... बनवलाय मी. पिशवी फाटली वाटेत. साडेबाराची गाडी किती लेट आहे?"

तो कृत्रिम पाय बनवायचा. तीन तासांवरच्या इस्पितळात एक बसड्रायव्हर आज पहिल्यांदा उभा राहणार होता, आणि डॉक्टर पाचनंतर थांबणार नव्हते.

फलकावर चाळीस मिनिटं लिहिली होती. पण ती चाळीस मिनिटं कशी ताणली जातात, हे सहा वर्षं लोकांची बोलणी खाऊन तिला पाठ झालं होतं. तिने आधीच्या स्टेशनला फोन लावला. गाडी तिथेही पोचली नव्हती.

"दोन तास तरी धरा," ती म्हणाली. "तीन नंबरवर पॅसेंजर उभी आहे. रडतखडत जाते, पण पाचच्या आत पोचवेल. पळा."

पाय काखेत मारून तो पळाला.

पुढच्या गुरुवारी धड पिशवी घेऊन तो पुन्हा हजर. "ड्रायव्हर उभा राहिला. चार पावलं चालला आणि म्हणाला, बूट चावतोय."

"त्या पायाला?"

"तेच तर... अख्खा वॉर्ड हसत होता."

इस्पितळाची फेरी दर आठवड्याची; मग दर गुरुवार त्याचाच झाला. गाडी तास-दीड तास उशिरा असायचीच. तो समोरच्या बाकावर बसायचा, गर्दी पांगली की खिडकीशी यायचा.

"आज किती?"

"एक तास दहा मिनिटं."

"एवढीच?"

"लोक मला शिव्या घालतात, आणि तुम्हाला कमी पडतंय?"

"लोकांचं सोडा... तुम्ही उजव्या पायावर जरा जास्त भार देता, माहीत आहे?"

"मी तर कायम बसलेली असते. मला चालताना कधी पाहिलंत?"

त्याचे कान लाल झाले. "डबा धुवायला जाता तेव्हा... म्हणजे, धंद्याची सवय."

शेजारच्या तिकीट खिडकीवरच्या वहिनी – सगळं स्टेशन त्यांना वहिनीच म्हणे – खोटं खोटं खोकल्या.

असे सात महिने गेले. मग दुसरा लोहमार्ग तयार झाला, नवं वेळापत्रक लागलं. साडेबाराची गाडी साडेबारालाच येऊ लागली. स्टेशन मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला. याच दिवसाची तिने सहा वर्षं वाट पाहिली होती, आणि आता तिचा चहा टेबलावर तसाच निवला. दोन मिनिटांचा थांबा. तो धावत येईल, चढेल, जाईल.

गुरुवारी सकाळी वहिनींनी विचारलं, "तोंड का उतरलंय? आज कुणी भांडणारसुद्धा नाही."

"काही नाही हो."

अकरा वाजता तिने मान वर केली. तो खिडकीशी उभा होता.

"गाडी वेळेवर आहे," ती कोरडेपणाने म्हणाली.

"माहीत आहे."

"मग इतक्या लवकर?"

"उशीर व्हायचा तेव्हा मला इथे बसायला कारण शोधावं लागत नव्हतं. आता..." तो अडखळला. "आता गाडीच्या नावावर खपवता येणार नाही. मी तुमच्यासाठी आलोय. दीड तास आधी."

मागचा ट्रंकवाला वैतागला. "अहो, सरका. चौकशी करायची आहे."

"माझीही चौकशीच चालली आहे," तो वळून म्हणाला.

"काका, इकडे या, मी सांगते," वहिनींनी हाक मारली, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ऊठ गं. खिडकी बघते मी."

ती दार उघडून बाहेर आली. काच मध्ये नसताना दोघं पहिल्यांदाच इतकी जवळ होती. दोघं बाकावर बसली.

"सात महिने लावलेत," ती म्हणाली. "मग उत्तराला मीही थोडा उशीर केला तर चालेल?"

"किती?" त्याचा चेहरा पडला.

तो चेहरा पाहून तिला हसू आवरेना. "झाला तेवढा पुरे," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

गाडी ठरल्या मिनिटाला आली. दोघांनाही पत्ता नव्हता; शेवटी वहिनींनाच काचेवर टकटक करावी लागली.