मुक्ताआजीची भाकर

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्येची तर नाहीच.

शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. दोहा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत चाळीस माणसं, सगळे दिवे चालू. तरीही हे घडलं. घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या, अंतराच्या बाबतीत. तिला धड खोटं बोलता येत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

कतारमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. शहराबाहेरच्या चर्चच्या आवारात अंतराच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला एक हॉल मिळालेला. रीत नगरकडची, जुनी. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत, सगळ्यांनी गुडघे टेकायचे, मग भाकरीचा तुकडा घ्यायचा.

जुने पास्टर निवृत्त होऊन गावी गेले आणि कारभार सुरेशसरांच्या हातात आला. गॅस प्लांटमधले मोठे इंजिनिअर. सर दर आठवड्याला काहीतरी काढून टाकू लागले. आधी मेणबत्त्या गेल्या. मग भिंतीवरचा क्रूस. मग गुडघ्यांखाली घ्यायच्या गोधडीच्या उशा. शेवटी गुडघे टेकणंच.

"चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात प्युरिटन लोकांनी राजाचं चर्च असंच साफ करायला घेतलं होतं," सर सांगायचे. "गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची मूर्तिपूजा. प्रभू शिष्यांबरोबर बसून जेवला. शास्त्रात कुठे आहेत गुडघे, दाखवा."

"सर, शास्त्रात प्लास्टिकची खुर्ची कुठं लिवलीय, ती बी दावा की," पोपटराव म्हणाले. वीस वर्षं इथे क्रेन चालवणारा माणूस. मागून दोघं-तिघं हसले.

सर हसले नाहीत. "ज्यांना कचरा जपायचाय त्यांनी गावी जाऊन जपावा."

त्या दिवसापासून अर्धी मंडळी उरलेल्या अर्धीशी बोलेना.

अंतराचा नवरा हर्षल सरांच्या बाजूचा. भाकरीचं ताट फिरवायचं काम त्याचं. सरांनी नियमच केला, जो गुडघे टेकेल त्याला भाकर नाही.

पहिल्या शुक्रवारी सगळे निमूट खुर्चीत बसले.

मुक्ताआजी सोडून.

ऐंशीची बाई, दोह्यातच अल नस्र भागात मुलाकडे राहायची. हात कापायचे, म्हणून जुने पास्टर तुकडा तिच्या तोंडातच ठेवायचे. ती मधल्या वाटेत आली. उघड्या फरशीवर एक गुडघा टेकला, मग दुसरा. आणि तोंड उघडून थांबली.

"आजी, खुर्चीत बसा ना," हर्षल पुटपुटला.

"तू बस बाबा. मला असंच येतं."

हर्षल तिला वळसा घालून पुढे गेला. अंतरा दोनच खुर्च्या पलीकडे बसलेली, त्यांचा नऊ महिन्यांचा अर्णव मांडीवर. ती मान खाली घालून त्याचं टोपडं सारखं करत राहिली.

असे तीन शुक्रवार. तिन्ही वेळा आजी तोंड उघडून थांबली. तिन्ही वेळा ताट पुढे गेलं.

त्यानंतरच्या मंगळवारी आजी झोपेतच गेली.

चौथा शुक्रवार. हॉल शांत. हर्षल ताट घेऊन निघाला.

आणि मधल्या वाटेत…

टक्.

फरशीवर हाड टेकल्याचा आवाज.

मग जरा वेळाने… टक्.

चाळीस माना वळल्या. वाट रिकामी होती.

"एसीचा आवाज आहे," सर म्हणाले. "चालू द्या."

हर्षल चालू लागला. मधेच थबकला. आणि त्या रिकाम्या जागेला… वळसा घालून पुढे गेला. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी सरळच गेलो की."

त्या दुपारपासून अर्णव खाईना. खिमट नको, केळं नको. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट. झोपेत जे काही दूध पोटात जाईल तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा, कान, पोट, सगळं नॉर्मल. पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या.

बुधवारी दुपारी अंतरा किचनमधून आली आणि दारातच थिजली.

अर्णव फरशीवर होता. दोन्ही गुडघ्यांवर… ताठ. भिंतीकडे तोंड करून.

तोंड उघडं.

तिने धावत जाऊन केळ्याचा तुकडा पुढे केला.

तोंड मिटलं.

संध्याकाळी हर्षल ऑफिसातून आला तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवारी त्या जागेवर भाकर दे."

"मेलेली माणसं परत येत नाहीत, अंतरा. सर म्हणतात, हा सैतानाचा खेळ आहे. मान दिला की वाढतो."

"सरांचं पोर उपाशी आहे का?"

तो टॉवेल उचलून आंघोळीला गेला.

पाचवा शुक्रवार. टक्… टक्.

या वेळी कुणीच मान वळवली नाही. अंतरा म्हणते, ते जास्त भयंकर होतं. ऐकू सगळ्यांना आलं होतं.

हर्षल पुन्हा वळसा घालायला लागला. अंतराने अर्णवला पोपटरावांकडे दिलं, उठली आणि नवऱ्याच्या ताटातला तुकडा उचलला.

"सिस्टर, खाली बसा," सरांचा आवाज आला.

ती वाकली. समोर नुसती फरशी. गुडघे टेकलेल्या म्हातारीचं तोंड जिथे असेल, तेवढ्या उंचीवर तिने तुकडा धरला.

काहीच झालं नाही.

मग तिच्या बोटांना लागले… ओठ. कोरडे. गार. आत दात नव्हते.

हात मागे घेतला तेव्हा तुकडा चिमटीत नव्हता. फरशीवरही नव्हता.

पोपटरावांच्या कडेवर अर्णवने भोकाड पसरलं. भुकेचं, हक्काचं. तिथेच, हॉलमध्ये, तो पोटभर दूध प्यायला.

सरांनी त्याच दुपारी नवरा-बायको दोघांची नावं मंडळीतून काढली. "पोरगं प्यालं न्हवं? खलास," पोपटराव अंतराला म्हणाले. "काढू दे नावं."

याला दोन वर्षं होऊन गेली. अर्णव नर्सरीत जातो, आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतो. दणकून खातो. आईच्या हातचं, माझ्या हातचं, शेजारणीच्याही हातचं.

फक्त बापाच्या हातचा घास घेत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे दुपारच्या जेवणाला होते. हर्षलने वरणभाताचा घास कालवून पुढे केला. अर्णवने बापाच्या शेजारी… खाली, फरशीकडे बघितलं. परवानगी विचारावी तसं.

मग म्हणाला, "पप्पा, शी सेज नो."

हर्षलचा हात हवेतच राहिला.

माझी दीड वर्षाची मुलगी माझ्या मांडीवर होती. तीही तिकडेच बघायला लागली… आणि हळूहळू तिने तोंड उघडलं.

मी तिला उचललं आणि न जेवता घरी आले.