एकाच जोराची हातोडी

शालू गेल्याची बातमी मला मळवलीच्या स्टेशनमास्तरांनी सांगितली. मी सिग्नलची तार ताणत होतो. ते म्हणाले, "महिपती, पुण्याहून फोन आलाय... हातातलं ठेव." मी ठेवलं नाही. तार पुरी ताणली, मगच वर बघितलं. आधी राग आला. रडू नंतर आलं आणि थांबलंही. राग थांबलेला नाही.

ती भेटली तेव्हा रागावलेली ती होती.

पासष्ट साल. सिग्नलच्या खांबावरून पडून माझी कंबर धरली होती. लोणावळ्याच्या एका लहान दवाखान्यात मला उंच बाकावर बसवलं. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली. पाय आपोआप उडाला. तो किती उडाला त्याचा आकडा ते म्हणाले, "दोन." मग धाकट्या डॉक्टरांनी मारली. ते म्हणाले, "तीन."

शालू तिथं नर्स होती. ती पुटपुटली, "एकाच गुडघ्याचे दोन भाव! मंडई आहे का ही?"

डॉक्टर गेल्यावर तिनं स्वतः मारून बघितली. माझा पाय उडाला आणि तिच्या हातातली कापसाची वाटी खाली पडली.

"लाथ मारलीत?"

"मी न्हाई. पायानं मारली."

"पाय कुणाचा?"

"आत्ता तरी... तुमच्या ताब्यात हाय."

ती हसली नाही. पण वाटी उचलायला खाली वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

मी सिग्नलचा फिटर आहे हे कळल्यावर तिनं मला कामाला लावलं. "शिरेवर किती जोरानं मारलं आणि पाय किती उडाला, हे सगळं अंदाजानं चालतं. मला सगळ्यांना सारख्याच जोरानं बसेल अशी हातोडी करून द्या." मी दांडीवर पितळी वजन बसवलं. खुणेवर नेऊन सोडलं की ते दर वेळी सारखंच आपटे. घोट्याला दोरा बांधला, दोऱ्यानं काटा फिरे आणि पत्र्याच्या पट्टीवर माप दाखवी.

गुडघा अर्थात माझाच.

"सैल सोडा," ती पाय धरून म्हणायची.

"तुमी हात काढा, सोडतो."

"हात काढला तर आवळलाय का, ते कसं कळणार?"

"मग राहू द्या... हात."

काटा दर वेळी वेगळंच दाखवायचा. दोष यंत्रात नव्हता.

मग पवनेकडच्या वाडीवरून भागूबाई आल्या. त्यांचा पाय उडेचना. मोठ्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार ठरवला. शालूनं पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं. मी बाहेरून ऐकत होतो.

"मावशी, बोटांत बोटं अडकवा. जात्याचा खुंटा ओढता तशी ओढा."

जरा वेळानं आतून आवाज आला, "अगं बया! ह्यो पाय माजा न्हवं!"

शालूनं डॉक्टरांना सांगितलं, "आमच्या बायका परक्या पुरुषासमोर लुगडं सावरून पाय आवळून धरतात. लाज असते ती, आजार नव्हे. बोटं ओढण्यात लक्ष गेलं की पाय सैल सुटतो." डॉक्टरांना ते फार आवडलं. आल्यागेल्याला ते सांगू लागले.

त्या संध्याकाळी धुक्यात आम्ही टपरीवर चहा प्यायलो. तिनं विचारलं, "माप तर झालं. आता काय निमित्त काढून याल?"

"लगीन करता का?"

"हे निमित्त आहे?"

"न्हाई... खरंच इचारतोय."

"मग कप खाली ठेवा. नीट विचारा."

आमचं लग्न झालं. फार चांगलं चाललं होतं. एवढंच लिहितो.

एका तापानंतर तिचे पाय जड झाले. दवाखान्याच्या पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी हातोडी मारली. पाय हलला नाही. ते हसले. "शालूबाई, तुम्हीच शिकवलंत ना? मावळातल्या बायका लाजतात."

"साहेब, मी लाजत नाही. इथं रोज तुमच्याबरोबर काम करते मी! यंत्र काढा. बोटं अडकवून बघा."

यंत्र कपाटावर कापसाच्या गठ्ठ्यांखाली होतं. "उद्या बघू," डॉक्टर म्हणाले.

तो 'उद्या' उजाडला तेव्हा तिला बोटं अडकवताच आली नाहीत. मग धावपळ, मग पुणे. श्वास देणाऱ्या यंत्रापर्यंत पोचली तेव्हा उशीर झाला होता. ते यंत्र लावण्याआधी तिला बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं, तिथं मला राहू देईनात. दारातूनच बोललो. ती दमून म्हणाली, "आधी घोट्याचं उडणं गेलं असणार... आपण यंत्र गुडघ्यापुरतंच केलं." त्यावरही मी रागावलो. "आता तरी दवाखाना सोड की गं!" ती हसली. मी ड्यूटीवर परत आलो.

बाराव्यानंतर मी डॉक्टरांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "आजारच वाईट होता. लवकर कळलं असतं तरी..."

"तरी काय? बोला ना!"

 खरंही असेल त्यांचं. पण तिचेच शब्द तिच्या तोंडावर फेकून ते हसले, ते मी विसरणार नाही. यंत्र उचलून मी घरी आणलं. कुणी अडवलं नाही.

परवा धाकटे डॉक्टर इंदुरीला माझ्या घरी आले. म्हणाले, "महिपतराव, घोट्याचंही यंत्र करून द्या. मी वापरीन." त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

घोट्यासाठी माणसाला गुडघ्यावर बसवावं लागतं, त्याला वेगळी बैठक हवी. लाकूड आणलंय. बैठक अजून केलेली नाही.