एका माणसापुरती वाट

करवतीचा आवाज आला आणि मी कॉफीचा कप पायरीवर ठेवून धावत सुटले. आवाज माझ्याच रानातून येत होता. पोचले तर माझे दोन लाडके बर्च जमिनीवर आडवे पडलेले, आणि तोंडावर माश्या अडवायची जाळी घातलेला एक उंच माणूस तिसऱ्याच्या बुंध्याशी वाकून करवत सुरू करत होता. मी दुसरा काही विचारच केला नाही. सरळ जाऊन झाडाला मिठी मारली.

"मरायचंय का?" तो ओरडला.

"माझी झाडं का कापताय?"

"तुम्हीच रिबनी बांधल्यात म्हणून! गुलाबी रिबन दिसली की झाड पाडायचं, असं काका म्हणाले."

"अहो, ज्यांना हात लावायचा नाही त्यांना बांधल्यात!"

त्याने करवत खाली ठेवली. "अख्ख्या व्हरमाँटमध्ये रिबन पाडायच्या झाडाला बांधतात, मॅडम. आवडत्या झाडाला कुणी काही बांधत नाही. त्याच्याकडे... नुसतं बघतात."

झाडं पाडायची कामं घेणाऱ्या म्हाताऱ्या गॅनियॉनला मी फोनवर सांगितलं होतं, रानात पायवाट करायची आहे, मध्ये येणारी वाळकी झाडं काढा, रिबनी बांधून ठेवल्यात. तो म्हणाला, समजलं. काय समजलं ते आता दिसत होतं. त्यातच त्याची कंबर धरली, म्हणून त्याने हा पुतण्या पाठवला होता. आर्मंड.

"चूक अर्धी तुमची, अर्धी आमची," आर्मंड म्हणाला. "आमच्या अर्ध्याबद्दल तुमची वाट मी करून देतो. रोज संध्याकाळी येईन. केवढी रुंद हवी?"

"एका माणसापुरती."

"आणि दोघं आले तर?"

"येणार नाहीत."

त्याने करवत उचलली. मग म्हणाला, "बरं."

माझा नवरा मला सोडून बॉस्टनला गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात, जो भेटेल तो मान वाकडी करून विचारायचा, "कोरिन, कशी आहेस गं?" मला त्या प्रश्नाचा वीट आला होता. वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेलं हे रान होतं, त्यात घरामागून निघून ओढ्यापर्यंत जाणारी आणि फिरून घरीच येणारी एक वाट हवी होती. कुणी भेटणार नाही, कुणी विचारणार नाही. बस्स.

मे महिनाभर काळ्या माश्यांनी जीव नकोसा केला. आम्ही दोघं डोक्यावरून जाळ्या ओढून खणत होतो, मुळं तोडत होतो, दगड लोटत होतो. त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. पण आवाज ओळखीचा झाला होता. खोकला कधी खरा आणि कधी हसू दाबायचा, तेही कळायला लागलं होतं.

"उतारावर सरळ खाली का नाही न्यायची? लवकर होईल," मी एकदा म्हटलं.

"सरळ नेली की पहिल्या पावसात पाणी तीच वाट धरतं. मग वाट पाण्याची, तुमची नाही. तिरकी न्यायची. सावकाश... घाई कुणाला आहे?"

"मला आहे."

"मला नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा खोकला.

जूनमध्ये माश्या गेल्या. ओढ्याशी बसून त्याने जाळी काढली, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याकडे वळला. मी पाव खात होते. घास तोंडातच राहिला.

"काय झालं? नाक जागेवर आहे ना?"

"आहे. थोडं जास्तच आहे."

"तुझंही दिसलं की, महिन्याभराने," तो म्हणाला. मी जाळी मागे टाकली होती हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

खरा छळ पुढेच सुरू झाला. वाट एका माणसापुरती, त्यामुळे आम्ही कायम एकामागे एक! तो पुढे असला की मला दिसायची फक्त त्याची घामाने भिजलेली पाठ आणि उन्हाने लाल झालेले कान. मी पुढे असले की मानेवर त्याची नजर आहे की नाही, याचाच विचार. आहे वाटलं तरी पाय अडखळायचे आणि नाही वाटलं तर जास्तच. बोलायचं ते पाठीशी बोलायचं. एखाद्या माणसाच्या इतक्या जवळ असून त्याचं तोंड दिसू नये, याने जीव किती कासावीस होतो!

मग मी एक उद्योग सुरू केला. तो यायच्या आधी दुपारी लांब दांड्याची कात्री घेऊन जायचं आणि वाटेच्या डाव्या बाजूची झुडपं थोडी थोडी छाटायची. रोज अगदी थोडी. कुणाच्या लक्षात येणार?

आठवड्याभरात आर्मंड वाटेच्या मधोमध उभा राहून डोकं खाजवायला लागला. "यंदा हरणं फार माजलीत."

"का रे?"

"बघ ना. डावीकडचंच खातात. आणि किती नीट, कात्रीने कापल्यासारखं."

माझे कान तापले. "असतील एखादी हरणं शिस्तीची."

"हंऽऽ. दिसली तर सांग त्यांना, उजवीकडचंही खा म्हणावं. दोघांना चालायचं तर अजून थोडं लागेल."

तो हसत पुढे गेला. तेव्हाच मी काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्याला माहीत आहे हे मला कळलं होतं, मला कळलंय हे त्याला... आणि एवढ्यावरच मी तो सगळा जुलै खुशीत काढला.

ऑगस्टच्या शेवटी तो दगड बसवता बसवता म्हणाला, "माँटानाहून बोलावणं आलंय. डोंगरात वाटा बांधणारी टोळी आहे. ही वाट जुळली की निघावं म्हणतोय." मग मान वर न करता, "तुझं काय म्हणणं?"

मला ओरडून 'नको' म्हणायचं होतं. आणि तोंडाने काय बोलले? "माझं काय म्हणणं असणार! छान आहे की. जा. मला एकटीला चालायला वाट हवी होती, ती झाली."

"तेच म्हटलं विचारावं," तो म्हणाला. त्यानंतर तो दुप्पट वेगाने काम करू लागला. ज्या माणसाला कधीच घाई नव्हती, तो आता पाणी प्यायलासुद्धा थांबेना. जीभ चावून टाकावी असं मला वाटत होतं.

मेपलची पानं लाल व्हायला लागली तेव्हा वाटेची दोन्ही टोकं जुळली. शेवटची माती त्याने पायाने दाबली आणि म्हणाला, "चल, मालकीणबाई, एक फेरी. कुठे चुकलंय का बघून घे."

आम्ही फिरलो. घरामागे पोचलो, तिथे त्याची गाडी उभी होती. तो थांबला नाही. मीही थांबले नाही. पुन्हा तीच फेरी. गाडी पुन्हा आली, पुन्हा मागे पडली. तिसऱ्या फेरीत हेमलॉकच्या झाडांच्या दाट सावलीत माझे पायच थांबले.

"आर्मंड, मी खोटं बोलले. मला ही वाट एकटीला नकोय. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. उन्हाळाभर वाटतंय. हस आता हवं तर."

तो हसला नाही. "आत्ता सांगतेस? तिथे शब्द देऊन बसलोय मी. माझ्या भरवशावर लोक थांबलेत."

"मग जा."

"पुन्हा तेच! 'जा' एवढंच येतं का गं तुला? 'ये' म्हणता येत नाही?"

"ये," मी म्हटलं. "परत ये. लवकर ये."

"तिथे बर्फ पडला की काम बंद होतं. त्याच दिवशी गाडी काढतो." त्याने माझा मातीने भरलेला हात हातात घेतला. उरलेली वाट आम्ही तसेच चाललो. अरुंद भागातही कुणी हात सोडला नाही. माझा खांदा ओल्या नेच्यांतून ओढला जात होता, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तो गेला. तिथे डोंगरात फोन लागत नाही. आमच्या गावात या दिवसांत जो तो म्हणतो, देवा, यंदा बर्फ उशिरा पडू दे. मी एकटीच रोज सकाळी रेडिओ लावून हजारो मैलांवरच्या डोंगरांसाठी हात जोडत होते, की पडू दे बाबा, आजच पडू दे. पानं गळून गेली, ओढ्याच्या कडा गोठल्या, आणि रेडिओवरचा तो माणूस रोज आपला सांगायचा, माँटानात आकाश स्वच्छ.

आज सकाळी तो म्हणाला, रात्रीपासून तिथे बर्फ पडतोय, रस्ते बंद व्हायच्या आत लोक निघताहेत.

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, मग हसले, आणि घाईघाईने दोघांची कॉफी केली. कप भरल्यावर कुठे लक्षात आलं, की अख्खा देश ओलांडून यायला त्याला अजून कितीतरी दिवस लागणार आहेत. खिडकीशी बसून मी दोन्ही कप प्यायले.