पुढच्या उजव्या चाकाची डिस्क

झिमझिम चालू होती, रस्ता ओला होता, आणि त्या शांत सकाळी एक ठेंगणी निळी स्पोर्ट्स कार अशी किंचाळत वळणावर आली की समोरच्या शिवणवाल्या बाईच्या हातून कात्री पडली. गॅरेजच्या दारात धाकटी जॅकला तेल घालत बसली होती. तिने मान वर केली. गाडी थांबली, दार उघडलं, आणि घडीची शिडी उलगडावी तसा एक उंच माणूस आतून बाहेर आला. कान लालभडक. अख्खा रस्ता त्याच्याकडे बघत होता ना!

"माफ करा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही, बहुतेक रस्त्यालाच. "ही रोज सकाळी अशीच ओरडते."

"ओरडेल नाही तर काय करेल?" धाकटी म्हणाली. "सिरॅमिकचे ब्रेक गार असले की ओरडतातच. शर्यतीची गाडी रोज भाजी आणायला नेलीत तर ती बोलणारच."

"भाजी नाही… दवाखान्यात जातो मी. दातांचा डॉक्टर आहे."

"मग बरोबर आहे. आधी गाडी किंचाळते, मागून माणसं."

तो हसला. मनापासून हसला. आणि धाकटी, जी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे, फक्त गाडीच्या तोंडाकडे बघे, ती बघत राहिली.

गॅरेज तिच्या आत्याचं. थोरली बहीण लग्न करून गेली तरी हिचं नाव धाकटीच राहिलं, तिशीला आली तरी. पण हाताला नाव होतं. तिने उघडलेल्या गाडीत एक स्क्रू कमी नाही की एक जास्त नाही. आत्या कोणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती, तीसुद्धा म्हणायची, "हिच्या हातात दिलं की मी बघायला जात नाही." आणि आत्याच्या गॅरेजचा एक नियम होता, तिथल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी सांगितलेला: आपल्या हातून काही मोडलं, तर गिऱ्हाईक दाराबाहेर जायच्या आत त्याला सांगायचं. मग शिव्या खायच्या, पण सांगायचं.

धाकटीने ब्रेक तपासायला गाडी वर घेतली. अशा गाडीची चाकं काढायची एक रीत असते. आधी दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी दोन लांब पिना बसवायच्या, मग बाकीचे बोल्ट काढायचे. चाक त्या पिनांवरून अलगद सरकत बाहेर येतं. पिना नसल्या तर चाक घसरतं आणि आतल्या डिस्कवर, ब्रेकच्या तबकडीवर, आदळतं. स्टीलच्या डिस्कला त्याचं सोयरसुतक नसतं. सिरॅमिकचं मात्र चहाच्या कपासारखं असतं, टवका उडतो.

तीन चाकं तिने रीतसर काढली. चौथ्याला, पुढच्या उजव्याला, डॉक्टर येऊन शेजारी उकिडवे बसले.

"तुम्ही हसताना तोंडावर हात का धरता?"

"तुमचा दवाखाना चालत नाही वाटतं? रस्त्यावर दात शोधत फिरता ते?"

"चांगले दात लपवू नयेत. एवढंच म्हणतोय."

ती उत्तर द्यायला वळली. उत्तर चांगलं तिखट होतं, अगदी जिभेवर आलेलं. पण हातातला बोल्ट शेवटचा होता, आणि पिन एकच लावलेली होती.

टिक्.

एवढाच आवाज. डॉक्टरांना तो ऐकूही आला नाही. नखाएवढा काळा टवका फरशीवर पडला, आणि धाकटीने… काय केलं? त्याच्यावर पाय ठेवला.

का ठेवला ते तिला त्या वेळीही कळलं नाही. तोंड उघडलं ते सांगायलाच. पण समोर हे डोळे, इतके निवांत, इतके विश्वासाने बघणारे, आणि आतल्या खोलीत आत्या. तोंडातून बाहेर आलं ते भलतंच.

"डॉक्टर, या डिस्क रोजच्या रस्त्याच्या नाहीत. काढून ठेवा. स्टीलच्या टाका. ओरडणारही नाहीत."

"तुम्ही म्हणताय म्हणजे टाकू या," ते म्हणाले. लगेच. विचारसुद्धा न करता.

सल्ला शंभर टक्के खरा होता. कोणीही शहाण्या मेकॅनिकने तोच दिला असता. पण तिने तो पायाखाली टवका दाबून दिला होता.

चार दिवसांनी स्टीलच्या डिस्क आल्या; तोवर गाडी गॅरेजातच होती. तिने त्या बसवल्या, डिस्कला आवळणारे पॅडही नवे घातले, कारण सिरॅमिकचे पॅड स्टीलला चालत नाहीत. काम असं केलं की दृष्ट लागावी. जुन्या डिस्क कापडात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोक्याला इतकी चिकटपट्टी लावली की आत्या म्हणाली, "अगं, आत साप ठेवलायस का?"

डॉक्टरांचं घर लहान. म्हणाले, "राहू दे इथेच, तुमच्या माळ्यावर." राहिलं.

आता स्टीलच्या डिस्कची एक खोड आहे. ब्रेक दाबला की काळी पूड उडते आणि चाकांवर बसते. सिरॅमिकची इतकी बसत नाही. पहिल्याच रविवारी निळी गाडी गॅरेजसमोर उभी, न ओरडता, पण चाकं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी.

"हे काय झालं हो?" डॉक्टर.

"स्टील आहे ते. काळं होणारच. धुवायचं."

"मला येत नाही."

"माणसांचे दात धुता, चाकं धुता येत नाहीत?"

"दात लहान असतात…"

तिने बादली आणली. खरं तर नळ दाखवून मोकळी झाली असती, दुसरं कोणी असतं तर. पण ती गुडघ्यावर बसली आणि एकेक चाक घासायला लागली, शिक्षा भोगावी तशी. आणि डॉक्टर बाही वर करून शेजारी बसले, चुकीच्या फडक्याने चुकीची जागा पुसत.

मग दर रविवार तसाच. आठ रविवार. चाकं काळी होत, डॉक्टर येत, ती घासत असे, ते बोलत असत. दवाखान्यातल्या गमती सांगत. एका आजोबांनी कवळी खिशात ठेवली आणि तिच्यावरच बसले, ती गोष्ट ऐकून ती हात न धरता हसली. त्यांनी ते बघितलं. फडकं पिळायचंच विसरले. एकदा तिच्या गालावर काळं लागलं होतं, त्यांनी बोट पुढे केलं… आणि अर्ध्यावरच थांबवलं. त्या अर्ध्या राहिलेल्या बोटाने तिला आठवडाभर कामात लक्ष लागू दिलं नाही.

सुख होतं ते. पण माळ्यावरचं खोकं रोज तिच्याकडे बघत होतं. रविवारी डॉक्टर गेले की ती स्वतःलाच शिव्या द्यायची. आज सांगते, म्हणायची. पुढच्या वेळी नक्की. आणि पुढच्या वेळी ते हसत गाडीतून उतरले की ती बादली आणायला वळायची. पहिल्या दिवशी सांगणं सोपं होतं, आठव्या रविवारी ते डोंगराएवढं झालं होतं.

नवव्या आठवड्यात तिचा जबडा दुखायला लागला. आत्याने ढकलून दवाखान्यात पाठवलं. खुर्चीत आडवी, गळ्यात कागदी फडकं, तोंडात आरसा. डॉक्टर वरून बघत म्हणाले, "झोपेत दात खाता तुम्ही. ही झीज जुनी नाही. कसली काळजी आहे?"

"आँ," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"बोलू नका, तोंड उघडं ठेवा. मीच बोलतो. म्हणजे… तुम्ही बोलायला लागलात की मला बोलता येत नाही, म्हणून आत्ताच बोलतो." त्यांनी वरचा दिवा उगाचच थोडा सरकवला. "त्या जुन्या डिस्क विकल्या मी. रविवारी एक माणूस न्यायला येतोय, त्याच्या गाडीला बसवणार आहे. त्याने विचारलं, धड आहेत का? मी म्हटलं, ज्या हातांनी उतरवल्यात त्यांना मी ओळखतो. एक ओरखडा नसेल. आणि हे म्हणताना मला कळलं की… मला ते हात फार आवडतात. त्या हातांची बाईही. तुमच्यासारखं खरं तोंडावर बोलणारं माणूस मी बघितलेलं नाही."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखलं का?" ते घाबरले.

ती उठली. आरसा त्यांच्या हातात, फडकं तिच्या गळ्यात, बाहेर बसलेली चार माणसं आ वासून, आणि ही रस्त्यावर. त्या कागदी फडक्यासकट ती गॅरेजपर्यंत चालत आली.

आत्या चहा ओतत होती. धाकटीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाय, टवका, आठ रविवार, डिस्क विकत घेणारा माणूस. आत्याने किटली खाली ठेवली. 

"फुटलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून कमी फुटलंय का? पण तू माझ्या गॅरेजात उभं राहून गिऱ्हाइकाला फसवलंस. आणि वर त्याच्याकडून कौतुक करून घेतलंस."

"आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"झालंच पाहिजे. पण माझ्याकडे कशाला आलीस रडत? डिस्क माझी आहे का? आणि तो दुसरा माणूस फुटकी डिस्क लावून घाट उतरेल, तेव्हा काय करशील?"

धाकटीने खोकं उचललं. तीच वाट, तोच पाऊस. दवाखान्यातली चार माणसं अजून तिथेच होती. तिने दार उघडलं, टेबलावर डिस्क ठेवली, आणि शेजारी तो टवका. दोन महिने तो तिच्या हत्यारांच्या पेटीत, कागदाच्या पुडीत होता.

"ही माझ्या हातून फुटली. पहिल्याच दिवशी. पिन लावायची राहिली. तुम्हाला दिसू नये म्हणून पाय ठेवला, आणि स्टीलच्या टाका म्हटलं. विकू नका ही. आणि मी… खरं तोंडावर बोलणारी वगैरे काही नाही."

डॉक्टरांनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं. टवका उचलून डिस्कच्या कडेला लावून बघितला. बसला.

"सल्ला खोटा होता?"

"नाही. सल्ला खरा होता. देणारी खोटी होती."

"मग डिस्कचं जाऊ द्या." भिंग वर गेलं, आणि ते निवांत डोळे आता निवांत नव्हते. "आठ रविवार तुम्ही माझी चाकं घासलीत. मला वाटायचं, माझ्यासाठी घासताय. ती भरपाई होती तर."

हे तिच्या वर्मी लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिले दोन रविवार भरपाई होती," ती मान खाली घालून म्हणाली. "पुढचे सहा… नव्हती."

त्यांनी डिस्क आणि टवका परत खोक्यात ठेवले. बाहेरून कोणीतरी खाकरलं. तिने खोकं उचललं आणि निघाली.

रविवारी सकाळपासून ती दारात उभी होती. विकत घेणाऱ्या माणसाला फोनवर सांगता आलं असतं, पण तिने ठरवलं होतं, तोंडावर सांगायचं. निळी गाडी येईल असं तिला वाटलं नव्हतं. आली नाहीच. डॉक्टर चालत आले, छत्री घेऊन, आणि नुसती मान हलवून तिच्या बाजूला उभे राहिले. एक हात अंतर सोडून.

तो माणूस आला, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. खोक्याला हात घालणार तोच धाकटी म्हणाली, "थांबा. यातली एक डिस्क माझ्या हातून फुटलीय. गाडीला लावायची नाही. उरलेल्या तीन चांगल्या आहेत, पण जोडी मोडलीय. न्यायच्या की नाही ते बघून ठरवा."

आतून आत्या, समोरून शिवणवाली बाई, सगळे ऐकत होते. धाकटीचे कान पेटले होते.

माणसाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या हातून फुटली? आणि डॉक्टर, तुम्ही अजून हिच्याकडे गाडी देता?"

"देतो," डॉक्टर म्हणाले. "हिच्या हातून काय फुटलं ते आता मला माहीत आहे. बाकीच्यांनी काय काय फोडलंय ते मला कोणी सांगितलेलं नाही."

माणूस पुटपुटत निघून गेला. आतून आत्या ओरडली, "अगं, आता दारात पुतळ्यासारखी उभी राहू नकोस! गिऱ्हाइकं येतील!"

"थोडं चालू या का?" डॉक्टर म्हणाले. "गाडी मुद्दाम नाही आणली. गाडीत बसलं की तुम्ही ब्रेकचा आवाज ऐकत बसाल."

ते चालायला लागले. छत्री एक, माणसं दोन, दोघांचे बाहेरचे खांदे भिजत होते. कोपरा आला.

"मला राग आला होता," ते म्हणाले. "अजून थोडा आहे."

"असू दे. मला लाजही अजून आहे. थोडी नाही, पुष्कळ."

"आणखी काही लपवलंय का माझ्यापासून? आताच सांगून टाका."

ती थांबली. छत्री दोन पावलं पुढे गेली, पाऊस तिच्या डोक्यावर पडला.

"एक आहे…"

ते परत मागे आले. चेहरा पडलेला. "काय?"

"त्या दिवशी खुर्चीत तुम्ही बोललात, आणि माझ्या तोंडात आरसा होता. नाही तर मी… तेच म्हणणार होते. मलाही. म्हणजे तुम्ही. मला." तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "बाई गं! हे तर डिस्कपेक्षा अवघड आहे."

डॉक्टरांनी छत्री तिच्यावर धरली, पूर्ण तिच्यावरच, आणि स्वतः भिजत उभे राहिले, ती हात खाली घेईपर्यंत.