कुलपाआडचा दम

झाडू काखेत, किल्ल्यांचा जुडगा कमरेले, अन् मागं नातसून. अशी मी त्या मंगळवारी दुपारची घरं झाडाले निघाली. यात सांगण्यासारखं काही नाही. दर मंगळवारी निघतेच. दिवाळी झाली की आमचा तांडा ऊसतोडीले जाते. मुकादमाचे ट्रक येतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सारं वर चढते, अन् मागं राहतो आमी दोन-चार म्हातारे अन् कुत्रे. साऱ्या घरांच्या किल्ल्या माझ्यापाशी. एकेक घर उघडायचं, आत वारा जाऊ द्यायचा, उंदरानं काय कुरतडलं ते पाहायचं, झाडून पुन्हा कुलूप घालायचं.

आमच्या तांड्याची एक रीत मात्र आधी सांगते. कोणतंही घर बंद करायच्या आधी उंबऱ्यात उभं राहून आत आवाज द्यायचा. ‘कोनी हाय काय घरात?’ तीनदा. घरातली सारी माणसं अंगणात डोळ्यांपुढं उभी असली तरी द्यायचा. बाहेरगावचा माणूस हसते. आमी हसत नाही.

माझ्यामागं होती ती चंदा, माझ्या नातवाची, बादलची बायको. मंगरुळपीरकडची पोरगी. तोंडानं फटकळ, कामाले वाघीण. मागल्या साली ऊसतोडीले जाताना वाटेत पाऊस आला म्हणून ट्रकावर ताडपत्री ओढली. खाली माणसं गच्च. त्या काळोखात चंदाचा दम अडकला. छाती धडधड करे, हातापायाले मुंग्या, ओठ पांढरे. मले उतरवा, मी मरून राह्यली, एवढंच बोले. उतरवलं, तोंडावर पाणी मारलं, जराशानं नीट झाली. पण ते भेव काही उतरलं नाही. ते तिच्या अंगातच राहाले आलं. मोरीचं दार लावलं की येई. मालेगावच्या बसमध्ये बसली, तर पुढच्याच फाट्यावर उतरून उन्हातान्हात पायी घरी आली. घरात एकटी राहीना, नळावर एकटी जाईना. रात्री उठून कवाड उघडं टाके.

पोहरादेवीले नेली, अंगारा लावला. मग वाशीमले नेली. तिथं छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणे, हृदय चांगलं आहे. त्यांनी एका बाईकडं पाठवलं. कुलसुमबाई तिचं नाव, अशा घाबरणाऱ्या माणसांशी बोलायचंच तिचं काम. मी मनात म्हटलं, बोलून कोणाचा दम मोकळा झाला? पण ती बाई बोलली ते माझ्या आजही ध्यानात आहे. “बेटा, हे भेव आहे. भेव माणसाले मारत नाही. मारतो, मारतो, एवढंच म्हणते.”

मग तिनं चंदाले इचारलं, चूल पेटवतेस का? फुंकणीनं फुंकतेस ना? तशी लांब, बारीक फुंकर सोडायची. घ्यायचा दम लहान, सोडायचा लांब. आणि ज्या जागेचं भेव वाटते तिथं रोज थोडं थोडं बसायचं. पळायचं नाही. भेव चढते, चढते, अन् मग आपोआप उतरते.

घरी आल्यावर माझी सून लिलाबाई, म्हणजे बादलची माय, हे ऐकून म्हणे, “आमच्या वक्ताले कामापुढं दम अडकाले फुरसदच नोती.” बादलच्या जोडीले कोयता धराले कोणीतरी पाहिजेच, म्हणून दुखरे गुडघे घेऊन तीच ट्रकावर चढली. चढता चढता मले सांगून गेली की, संक्रांतीपर्यंत पोरगी नीट झाली तर पाठवा. नाहीतर तिच्या बापाकडं पोचवून द्या, बादलले आमी दुसरी पाहू. बादल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. चंदानं ते सारं ऐकलं.

म्हणून तिले मी संगं घ्याले लागली. बंद घर उघडायचं, तिनं आत बसायचं. आधी कवाड सताड उघडं, मग अर्धं, मग लोटलेलं. मी बाहेर पायरीवर बसून खोकत राही, म्हणजे तिले कळे म्हातारी आहे. पहिल्या दिवशी आतून असा आवाज आला, जशी गाय चिखलात फसली. मी उठली. आतून म्हणे, “येऊ नको, आजी... येऊ नको... चढून राह्यलं...” मग ती लांब फुंकर. पुन्हा एक. बाहेर आली तेव्हा चोळी घामानं भिजली होती, पण डोळ्यांत जरा उजेड होता.

असं करत करत संक्रांत जवळ आली. त्या मंगळवारी आमी ओळीतलं शेवटचं घर, गोविंदाचं, उघडलं. त्याच्या पलीकडं एकच घर राहते, हेमसिंगचं जुनं. मातीच्या भिंती, वर कवेलू, खिडकी एकही नाही. हेमसिंगनं सरकारी घरकुलात नवं घर बांधलं तेव्हापासून ते बंदच. किल्ली आहे माझ्याकडं, पण मी ते उघडत नाही. पुढचं अंगण तेवढं झाडते. चंदानं इचारलं होतं एकदा. साप आहेत, असं सांगून मी मोकळी झाली. ज्या पोरीच्या उरात आधीच भेव, तिले अजून काय सांगायचं?

तुमाले सांगते. हेमसिंगच्या धाकट्या भावाची बायको होती, बेबी. नवी नवरी. त्या साली सारा तांडा निघाला, म्हातारेही मागं राहिले नाहीत. पहाटेचा काळोख, दोन ट्रक, हाका, रडारड. बेबीले ताप होता, ती आत कणगीमागं गोधडी घेऊन पडली होती. या ट्रकातल्यांना वाटलं ती त्या ट्रकात आहे, अन् त्या ट्रकातल्यांना वाटलं ती या ट्रकात. कोणीतरी कुलूप घातलं. दोन्ही ट्रक कारखान्यावर पोचले तेव्हा समजलं. हेमसिंग अन् त्याचा भाऊ मिळेल त्या गाडीनं परत फिरले. कुलूप काढलं, तर कवाड आत ढकलल्या जाईना. ती कवाडाशीच होती. खालच्या फटीले तोंड लावून.

त्या सालापासून ती रीत.

तर त्या दुपारी मी गोविंदाच्या घरात होती. उंदरानं गोधडी फाडून कापूस साऱ्या घरभर केला होता. चंदा बाहेर पायरीवर बसली होती. कापूस गोळा करता करता मले जाणवलं की बाहेर काही आवाजच नाही. कुत्रं नाही, चिमणी नाही. भर दुपारची अशी शांतता असते ना, जशी कोणी दम धरून बसलं आहे... मी बाहेर आली. पायरी रिकामी.

“चंदे?”

ऊन पांढरंफटक. अंगणात सावली माझी एकटीचीच. अन् वास आला. बंद घराचा वास असते, तो मले माहीत आहे, ओल्या मातीचा, लेंड्यांचा, जुन्या ज्वारीचा. हा तसा नव्हता. तापानं फणफणलेल्या माणसाच्या गोधडीले येते तसा होता.

मग फुंकर ऐकू आली. लांब, बारीक.

हेमसिंगच्या घरातून.

मी जवळ गेली. कवाडाले कुलूप होतं. जसंच्या तसं, गंजलेलं, कडीत अडकलेलं. जुडगा माझ्या कमरेले. चाचपून पाहिला, होता. अन् आतून चंदाचा आवाज येऊन राह्यला होता, हळू, लेकराले थापटावं तसा.

“लांब सोड... आनखी लांब... फुंकनी धरली समज... मी हाय ना इथं...”

तिच्या आवाजामागं दुसरा दम होता. तुटक. जसं कोणी भिजलेलं फडकं झटकून राह्यलं. घेते, घेते, घेतच जाते, अन् सोडता येत नाही. असा दम मी चंदाचा ऐकला होता, पण चंदा तर बोलत होती. तो आवाज खालून येत होता. मी खाली पाहिलं. कवाडाच्या फटीतून माझ्या पायाच्या बोटांवर गरम वारा लागत होता. येई, थांबे. येई, थांबे.

पाय मागं घ्यावा एवढंही सुचलं नाही. तोंडातून निघालं ते सवयीचंच निघालं.

“कोनी हाय काय घरात?”

तो दम थांबला.

एवढी सालं झाली, किती घरांच्या उंबऱ्यात उभं राहून मी हा सवाल केला असेल. कधी उत्तर आलं नाही. येऊ नये म्हणूनच तर करतो.

“...हाय,” खालून कोणी म्हटलं.

चंदाचा आवाज नव्हता तो.

कुलूप कसं काढलं, मले सांगता येत नाही. कवाड ढकललं, अडलं नाही, सरळ आत गेलं. चंदा उंबऱ्याच्या आत भिंतीशी मांडी घालून बसली होती. तोंड जमिनीकडं. एक हात हवेत, हळूहळू वरखाली होत होता, जसा कोणाच्या पाठीवरून फिरते. घर रिकामं. कोपऱ्यात कणगी. कवेलूच्या भोकातून उन्हाची एक काडी खाली आलेली, तिच्यात धूळ फिरत होती.

“आजी, हिले दम लागला होता,” चंदा म्हणे. “आता उतरला.”

“कोनाले वं?”

तिनं बाजूले पाहिलं. हात थांबला. “आत्ता तं होती.”

मी तिले ओढत घरी आणलं. मीठ-मिरची ओवाळली, अंगारा लावला. ती हसाले लागली. म्हणे, आजी, तूच थरथरून राह्यली, बस, लांब फुंकर सोड. मी बसली. माझ्या हातापायाले मुंग्या आल्या होत्या. त्या दिवशी मले समजलं की तिले काय होत होतं.

जरा सावरल्यावर इचारलं, तू आत गेली कशी? कवाड आतल्या बाईनंच उघडलं, असं चंदा म्हणे. पायरीवर बसली असताना कोणीतरी धापा टाकताना ऐकू आलं, म्हणून ती गेली.

“काय बोलली ती तुह्यासंगं?”

“बोलताच येत नोतं तिले. एवढंच इचारे, ट्रक गेला काय... ट्रक गेला काय...”

बेबीची गोष्ट मी चंदाले सांगितली नव्हती. तांड्यात कोणीच नव्या सुनेले ती सांगत नाही.

“मंग तू काय म्हनली?”

“मी म्हनलं, नाही गेला. संक्रांत झाली का मी जाते, तू बी चाल माह्यासंगं.” अन् माझं तोंड पाहून म्हणे, “काहून वं आजी? घाबरलेल्या मानसाले अजून काय सांगतेत?”

संक्रांत झाली. बादल मायले सोडाले अन् चंदाले न्याले आला. त्याच्यापुढं ती मोरीत गेली, दार लावलं, आत गाणं म्हणत न्हायली. भेव येत नाही असं नाही, येते. पण आता ती त्याले जवळ बसवून घेते, चढू देते, उतरू देते. लिलाबाईनं गुडघ्याले तेल चोळत पाहिलं अन् म्हणे, जा बाप्पा, सुटली मी. तिच्या बोलण्यात जे होतं, ते आमी साऱ्यांनी ऐकलं. पोरीचं घर राहिलं होतं.

मुकादमाची जीप आली. चंदा आत बसली अन् सरकली. खिडकीकडची जागा मोकळी सोडली. बादल म्हणे, तिथं पिशवी ठेव. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मी काही बोलू शकली असती. पण पोरगी बंद गाडीत हसत बसली होती, अन् बादल तिच्याकडं असा पाहत होता, जसा लग्नात पाहत होता. मी बोटं मोडून दृष्ट काढली.

दुसऱ्या मंगळवारी हेमसिंगच्या जुन्या घराशी गेली. कवाड उघडलं. आत चिमण्या होत्या. तो वास नव्हता. नुसतं घर होतं, मातीचं, रिकामं. मले बरं वाटाले पाहिजे होतं.

काल बादलचा फोन आला. आवाजावरूनच खुशीत होता. म्हणे, “आजी, तुही नातसून दोघींचं काम करून राह्यली. मी एक मोळी बांधतो तं तिच्या पुढ्यात दोन उभ्या असतात. मुकादम बी चाट पडला.” मी इचारलं, झोपते का नीट? म्हणे, झोपते, पण एक गंमत आहे. आता तर तिले भेव नाही, तरी एवढ्या थंडीत उसाच्या पाल्याच्या कोपीचं दार रातभर उघडंच ठेवाले लावते.

मी म्हटलं, तिले दे फोन.

चंदा फोनवर आली. मी इचारलं, दार काहून उघडं ठेवतेस वं? म्हणे, “माह्यासाठी नाही, आजी.” अन् थांब, चुलीवर दूध आहे, असं म्हणून गेली. लांबून तिचा आवाज येत राहिला, बादलले पातेलं उतरवाले सांगत होती. बादल तिकडूनच हो हो करत होता. दोघंही दूर होते.

अन् माझ्या कानापाशी, अगदी फोनले तोंड लावून, कोणीतरी दम घेतला, लहान, अन् सोडला, लांब. नीट शिकल्यासारखा.

मी फोन ठेवला नाही. तो तिकडूनच हळू बंद झाला. कोणाच्या हातात होता, ते मी अजून इचारलं नाही.