बापूजींचं कानाचं मशीन

गोपिका ठवरे कुठलंही यंत्र उघडायच्या आधी त्याचा फोटो काढायची. झाकण निघालं की दुसरा, सर्किट बाहेर आलं की तिसरा. आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवता शिकवता तिला बावीस वर्षं झाली होती. नागपूरच्या रामदासपेठेतल्या तिच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल केव्हाच कामाचं टेबल झालं होतं. त्यावर लाकडी स्टँडला उलटा टांगलेला जुना कॅमेरा, बाजूला दोन दिवे आणि सोल्डरिंगची बंदूक. बहीण चिडवायची, "लोकांच्या मोबाइलमध्ये नातवंडं असतात, तुझ्या मोबाइलमध्ये रेडिओची आतडी!" गोपिका हसून सोडून द्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीपाळखीतलं काहीबाही दुरुस्तीला यायचं, आणि तिला ते काम मनापासून आवडायचं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मिनल गावंडे आली, तीही ओळखीतूनच. जरीपटक्याला राहायची. नवरा अश्विन नोकरीला चंद्रपुरात, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे परत जायचा. घरी ती आणि तिचे सासरे बापूजी, वय ब्याऐंशी, बारा वर्षांपासून मशीनशिवाय ठार बहिरे. तिनं पर्समधून रुमालात बांधलेलं कानाचं मशीन काढलं. जुन्या पद्धतीचं, खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत जाणारी वायर.

"मॅडम, मशीन बिघडलं का माणूस बिघडला, तेच कळून नाही राहिलं," ती म्हणाली.

"ऐकू येत नाही का त्यांना?"

"येते ना. आम्ही बोलतो ते सगळं ऐकू येते." मिनलनं रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "पण जे आम्ही बोललोच नाही, तेही ऐकू येते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपूर्वी बापूजींनी भरल्या ताटावरून उठून विचारलं होतं, "काय टाकलं वरणात?" मिनल हबकलीच. ते म्हणाले, आत्ताच तू बोलली, मी ऐकलं. तेव्हापासून ते तिच्या हातचं खाईनात. केळी, संत्री, शेंगा… जे सालीत असेल तेवढंच, तेही स्वतः सोलून. अंगावरचं मांस उतरलं होतं. अश्विननं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. अश्विननं मात्र परवा फोनवर बायकोला विचारलं होतं, "तू खरंच काही बोलली होती का?"

तिनं मशीन रुमालासकट टेबलावर ठेवलं.

"ठेवून जा," गोपिका म्हणाली. "बघते मी."

दुपारी तिनं डबी दिव्याखाली घेतली. बाहेरून चार फोटो, मग मागचे दोन स्क्रू. झाकण निघालं तसा घामाचा आणि जुन्या कापराचा वास आला. म्हातारी माणसं खिशात कापराच्या वड्या ठेवतात, तसला. सर्किट साधंच होतं. तिनं जवळून फोटो घेतले आणि संगणकावर मोठे करून बघायला बसली. तिसऱ्याच फोटोवर ती थांबली.

माइकची तार तुटलेली होती.

केसाएवढी बारीक तार मुळापाशीच तुटली होती आणि तिच्या दोन्ही टोकांवर हिरवा गंज चढला होता. असा गंज एका दिवसात चढत नाही. निदान चार-सहा महिने झाले असणार. टेलिफोनचा आवाज थेट पकडणारी कॉइल काही मशीनमध्ये असते, ती यात नव्हती. म्हणजे या डबीत आवाज शिरायला वाटच उरलेली नव्हती. तिनं नवा सेल घातला, वायर स्वतःच्या कानाला लावली, आवाज पूर्ण मोठा केला. टाळी वाजवली. मग टेबलावर चमचा आपटला. कानात एक बारीक सळसळ तेवढी चालू होती, बाकी काही नाही.

आता कुणीही म्हणेल, सरळ तार जोडून मोकळं व्हायचं. पण गोपिकाला त्या तुटक्या तारेपेक्षा मिनलचं ते वाक्य जास्त टोचत होतं, की आम्ही बोलतो ते सगळं ऐकू येते. ते कसं येतं? तिनं झाकण तसंच लावलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन स्वतःच जरीपटक्याला गेली.

दुपारचा एक वाजला होता. शेचाळीसच्या वर पारा असला की नागपुरात ही वेळ मध्यरात्रीहून सुनसान. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. घरात कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. बापूजी खाटेवर ताठ बसले होते. उंचेपुरे, हाडं दिसायला लागलेले, डोळे मात्र स्वच्छ. मशीन पाहताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. वायर उजव्या कानात घातली, डबी खिशात ठेवली, आणि त्यांचा चेहरा निवला.

गोपिका त्यांच्या पाठीमागे गेली. ओठ दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "एकोणसत्तर."

दोन क्षण गेले. बापूजींनी मान किंचित डावीकडे कलती केली. वायर तर उजव्या कानात होती.

"एकोणसत्तर," ते म्हणाले.

"पितळेचं कुलूप."

पुन्हा तेच. मान डावीकडे. दोन क्षण. "पितळेचं कुलूप."

कूलरच्या घरघरीत तिचा आवाज तिचा तिलाच नीट ऐकू येत नव्हता. ती गप्प उभी राहिली. आणि त्या गप्पतेतच बापूजींची मान तिसऱ्यांदा कलली. या वेळी ते जरा जास्त वेळ ऐकत राहिले. मग वळून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही पाहुण्या आहा. तुमाले असं बोलणं शोभत नाही."

"काय बोलले मी?"

मान कलली. दोन क्षण.

"आत्ता म्हटलं नाही का? याले आश्रमात नेऊन टाका म्हणून."

दारात उभ्या असलेल्या मिनलनं तोंडावर हात धरला. "बघितलं मॅडम?… बघितलं ना?"

गोपिकानं खुर्ची ओढली आणि बापूजींच्या समोर बसली. पर्समधून वही काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मशीनची तार तुटली आहे. हे मशीन ऐकत नाही.' मग मोबाइलवर तो फोटो लावून त्यांच्या हातात दिला, तुटलेलं टोक बोटानं मोठं करून दाखवलं. बापूजींनी आयुष्यभर शेतातल्या मोटरी, स्टार्टर हाताळले होते. तुटलेली तार म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते बराच वेळ त्या हिरव्या टोकाकडे पाहत राहिले.

तिनं लिहिलं: 'मग तुम्हाला कोण सांगतं?'

बापूजी लाजल्यासारखे हसले. "प्रयाग," ते म्हणाले.

प्रयागबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"इथं बसते." त्यांनी खाटेच्या डाव्या बाजूला, रिकाम्या चादरीवर हात ठेवला. "तुम्ही बोलता ते मले सांगते. घरात कोण काय बोलून राहिलं, सारं सांगते. तिच्याबिगर मले कोण आहे?"

मिनल रडायला लागली होती. गोपिका मात्र पेन धरून तशीच बसली. दुरुस्ती करताना ती एकेक जोड तपासत जायची. तसाच एक साधा प्रश्न तिनं लिहिला: 'ती तुम्हाला काय म्हणून हाक मारते?'

"बापूजी म्हणते," ते चटकन म्हणाले.

आणि थांबले.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत गेलं. ओठ हलले. पन्नास वर्षं मनातल्या मनात मागे जाऊन काहीतरी शोधत असावेत तसे.

"प्रयागनं मले… कधी बापूजी म्हटलं नाही," ते अगदी हळू बोलले. "लग्न झालं तेव्हापासून… 'ऐकता का' म्हणे. बापूजी तर पोरं म्हणतात. सून म्हणते…" चादरीवर ठेवलेला हात त्यांनी हळूच उचलून घेतला, तव्यावरून उचलावा तसा. "मिनल… ही कोण आहे वं मग?"

कूलर घरघरत होता. तिघांपैकी कुणीही खाटेच्या त्या बाजूला पाहिलं नाही.

बापूजींनी स्वतःच वायर कानातून उपसली.

गोपिकानं तिथंच स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून, सोबत आणलेल्या सोल्डरिंगच्या बंदुकीनं तार जोडली. जोड पक्का झाला. सवयीनं त्याचा फोटोही घेतला. मशीन पुन्हा बापूजींच्या कानात घातलं तेव्हा ते दचकले. कूलरचा आवाज, भांड्यांचा आवाज, गल्लीतली एक स्कूटर, सगळं एकदम अंगावर आलं असणार. मिनल समोर बसून म्हणाली, "बापूजी, वरण-भात आणू का?"

त्यांची मान कलली नाही. दोन क्षणही गेले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं.

"आण पोरी," ते म्हणाले.

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मिनलनं संध्याकाळी फोन करून सांगितलं. दोन दिवसांनी अश्विनचाही फोन आला, बायकोची माफी मागितल्याचं सांगताना अडखळत होता. गोपिकानं फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये टाकले. त्या दुपारचा विचार ती मुद्दाम करत नव्हती.

तीन आठवड्यांनी मिनलचा पुन्हा फोन आला. "बापूजी मशीन घालत नाहीत आता. तार पुन्हा तुटली का काय… एकदा पाहून जाता का?"

गोपिका गेली. बापूजी खाटेवर पेपर वाचत होते. अंगावर मांस चढलं होतं, गालही भरले होते. तिला पाहून त्यांनी हात जोडले, छान हसले. मशीन कपाटात होतं, सेल काढून वेगळा ठेवलेला. तिनं ते स्वयंपाकघरात नेलं, उघडलं, भिंगातून पाहिलं. जोड जसाच्या तसा होता. सेल घालून कानाला लावलं तर नळाचा थेंब पडलेलाही ऐकू आला.

"उत्तम चाललं आहे," ती म्हणाली. "जेवतात ना नीट?"

"भरपूर. मागून घेतात. काही तक्रार नाही, काही नाही." मिनल ओट्याला टेकली. तिनं आवाज इतका खाली आणला की गोपिकाला पुढे वाकावं लागलं. बाहेरच्या खोलीत कूलर फुल स्पीडवर होता, मधलं दार ओढलेलं होतं. "मॅडम, माहेरी लग्न आहे. दोन दिवस जाणं भाग आहे, आणि अश्विनले सुट्टी नाही. पण यांना एकटं कसं ठेवू? मले जायचा जीव होऊन नाही राहिला."

गोपिका काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून, मशीनशिवाय ठार बहिरे असलेल्या बापूजींचा मोकळा, प्रसन्न आवाज आला.

"जा वं पोरी, बिनधास्त जा. एकटा कुठं आहो मी?"