सुटा माग

वरद मगदूमने बायकोला फोन करून सांगितलं की घरी यायला उशीर होईल.

"कुठून यायला?" केतकीने विचारलं.

"कुठून म्हणजे? ऑफिसातून."

"अरे, तू माझ्यासमोर बसलायस. शेवग्याच्या शेंगा सोलतोयस."

वरदला वाटलं, थट्टा चाललीय. तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला, "कुणाचा गं फोन?" आवाज त्याचाच होता, पण झोप पुरी झालेल्या माणसाचा.

"तुझाच," केतकी म्हणाली.

"बरं. काही काम असेल तर लिहून घे," तो आवाज म्हणाला, आणि शेंग मोडल्याचा कट्‌ असा आवाज आला.

आता हे समजायला मनमाग म्हणजे काय ते सांगायला हवं. इचलकरंजीतले कापडाचे बरेचसे माग बंद पडले, तेव्हा त्याच शेडमध्ये संगणकांच्या रांगा आल्या आणि नाव मात्र जुनंच चिकटलं. पूर्वी एक विणकर चार माग सांभाळायचा. एकावर धागा तुटला की तिकडे धाव, तोवर बाकीचे आपले खडखडत चालू. मनमागाने हीच सोय मनाला करून दिली. कानामागे तांदळाएवढी चकती बसवली की माणूस एकाच वेळी चार ठिकाणी लक्ष देऊ शके: एका मागावर ऑफिसची मीटिंग, दुसऱ्यावर गॅसवाल्याशी भांडण, तिसऱ्यावर मावशीचा गुडघा. नजरेच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी दिसे, तिच्यावर सगळ्या मागांची नावं. आणि खरी गंमत पुढे होती. कंटाळा आला की माग सोडून देता येई. सोडलेला माग बंद पडत नसे. तुमच्या मनाची अख्खी नक्कल तो चालवत राही, तुमच्याच आवाजात "हो हो" म्हणत राही. याला म्हणायचे सुटा माग. नंतर सवडीने तो पुन्हा जोडून घेतला की त्याच्या सगळ्या आठवणी तुमच्यात येत, आणि मावशीच्या गुडघ्याचं काय झालं ते न ऐकताच कळे.

मागाला हुकूम देण्याआधी एक खूण करावी लागे. नाहीतर माणूस जगाशी बोलतोय की मागाशी, हे यंत्राला कळणार कसं? कारखान्यातून आलेली खूण होती, अंगठ्याने करंगळीचं नख दाबणे. ती कुणीच ठेवत नसे. जुळणी, म्हणजे आपल्या मागाच्या खुणा आणि हुकूम आपल्या मर्जीप्रमाणे बसवणे, हे त्या पिढीचं व्यसनच होतं. लोक एकमेकांच्या जुळण्या लोणच्याच्या पाककृतीसारख्या मागून नेत. वरदने तर दिवसाचे चार सेकंद वाचावेत म्हणून जुळणीत तीन शनिवार-रविवार घातले होते. त्याची खूण होती चुटकी. चुटकी वाजवून नजर बाजूला वळवली, की समोरचा माग सुटा. बोटं हलायचीही गरज नव्हती, चुटकीची नुसती ऊर्मी पुरे.

हे सगळं मिरवताना तो एक गोष्ट विसरला. मगदूमांच्या घरात जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवतात. आजोबा वाजवायचे, वडील वाजवतात, आणि वरद तर झोपेतही वाजवायचा.

मनमाग बनवणाऱ्या डॉक्टर आवटींना त्याने घाईघाईने फोन लावला. बाई पडद्यावर आल्या त्या भडंग खात.

"काय ओ मगदूम, काय झालं?"

"माझ्या घरी मी आहे."

"चांगलंय की."

"पण मी इथे आहे!"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "इथे म्हणजे कुठे? आज काय जेवलात?"

वरद आठवू लागला. मीटिंगा आठवत होत्या. कबुतरांच्या जाळीवरून सोसायटीत दिवाळीपासून चाललेला वाद आठवत होता. जेवण आठवत नव्हतं, आजचं नाही आणि कालचंही नाही.

"पाठीला खाज सुटते का? खाजवूनही जात नाही अशी?"

"दिवाळीपासून! तुम्हाला कसं कळलं?"

"देहभास आहे तो. माग चालवणाऱ्याला आपण देहातच आहोत असं वाटावं म्हणून आम्ही दिलाय. खाज त्यात आली, खाजवणं राहिलं. पुढच्या आवृत्तीत येईल." त्यांनी नोंदी चाळल्या. "हं. बाळाला झोपवत होतात. जांभई आली. चुटकी वाजली. दाराकडे बघितलंत. झालं. तुम्ही घर सोडलंत."

"घर हा पण माग असतो?"

"देहसुद्धा एक मागच की ओ. माहितीपुस्तिकेत लिहिलंय."

"मग तो घरातला कोण? खरा कोण?"

"मागावर खरा-खोटा नसतो, मगदूम. चालू असतो आणि बंद असतो. सोडलेल्या मागातलं मनही अख्खं तुमचंच, अर्धंमुर्धं नाही. परत जोडून घ्या, दोघं एक व्हाल. कुणी मरत नाही, कुणी उरत नाही."

वरदने त्या क्षणी चुटकी वाजवली आणि 'घर' जोडायचा हुकूम सोडला. पट्टीवर उत्तर आलं: खूण चुकीची आहे.

"बदललीय कुणीतरी," डॉक्टर म्हणाल्या.

"कुणी? जुळणी फक्त मालकाला बदलता येते!"

"तेच म्हणतेय," डॉक्टर म्हणाल्या आणि भडंगाची वाटी जवळ ओढली.

त्याने पुन्हा घरी फोन लावला. या वेळी कॅमेरा चालू होता. केतकीने फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. समोर उंच खुर्चीत जाई होती, त्याची आठ महिन्यांची लेक, आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसलेला घरचा वरद. त्याने दाढी वाढवली होती. वरदला ती आवडली, आणि त्यामुळे अधिकच राग आला.

"खूण का बदललीस?"

"तू मधेच यायचास रे," घरचा वरद शांतपणे म्हणाला. "यायचास, जांभई द्यायचास, जायचास. तुला आठवतही नसेल."

"डोळे बदलायचे तुझे," केतकी म्हणाली. "बोलता बोलता, पापणी लवावी तसे. मला सवय झाली होती, पण जाई दचकायची. मग रात्रभर रडायची."

"आणि तुला हा चालतो?"

"हा म्हणजे तूच ना?" ती म्हणाली. "लग्नाआधी होतास तसा. एकावेळी एकच."

वरदच्या पाठीवर खाज धावली. पट्टीवर 'कबुतरजाळी' लुकलुकायला लागलं.

"मला घरी यायचंय, केतकी."

"मग ये की. कुणी अडवलंय? खूण काय आहे ते सांग रे त्याला."

घरच्या वरदने नाचणीच्या खिमटीची वाटी उचलली. "सोपी आहे. हिची वाटी संपेपर्यंत हिच्याकडे बघायचं. दुसरीकडे लक्ष गेलं की पहिल्यापासून. वाटी संपली की माग आपोआप जोडला जातो."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

वरदला हसू आलं. चार चार माग लीलया चालवणारा माणूस तो. त्याने बघायला सुरुवात केली.

जाईने पहिला घास खाल्ला. दुसरा तोंडात घेऊन ती पंख्याकडे बघत बसली. तिसरा तिने हनुवटीवर आणून ठेवला आणि तिथून तो बोटाने कानात घालायचा प्रयत्न केला. खालचे दोन दात दिसत होते. हे कधी आले? घरच्या वरदने चमचा धरून ठेवला होता, नुसता धरून, जगातला दुसरा कुठलाच चमचा वाट बघत नसल्यासारखा. वाटी अर्ध्यावर आली. पट्टीवर 'कबुतरजाळी' तांबडं झालं. वरदने तिकडे बघितलं नाही. जाईने "ब्ब" केलं, बहुधा त्यालाच उद्देशून, आणि त्याच्या छातीत काहीतरी हललं. देहभासात छातीत हलण्याची सोय होती हे त्याला माहीत नव्हतं.

मग जांभई आली.

चुटकी वाजली. नजर क्षणभर खाली, त्या तांबड्या नावाकडे वळली.

"मगदूमसाहेब, जाळी हिरवी की काळी? तुमच्यामुळे सगळं अडलंय," सोसायटीचे सेक्रेटरी विचारत होते.

"हिरवी! हिरवी घ्या!" तो ओरडला आणि पुन्हा घराकडे वळला. पट्टीवर एक नवीनच नाव होतं: 'जाई – सुटा'.

त्याला कळायला वेळ लागला. बघण्याचाही माग झाला होता, आणि तो त्याने सोडला होता. सोडलेला माग बंद पडत नाही. त्याच्या जागी बसून कुणीतरी, अख्खा वरदच, जाईकडे बघत होता, आणि त्याच्या पट्टीवर दुसरं कुठलंच नाव नव्हतं. वरद त्याला जोडून घ्यायला चुटकीवर चुटकी वाजवत राहिला. पण तो माग आता घराच्या जुळणीत गेला होता आणि तिथे चुटकी चालत नव्हती.

पडद्यावर शेवटचा घास जाईच्या तोंडात गेला. पट्टीवरून 'जाई – सुटा' पुसलं गेलं. घरच्या वरदचे डोळे मिटले आणि उघडले. जाई दचकली नाही. ती हसली.

"आलास?" केतकीने हलकेच विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि पाठ खाजवली. खूप वेळ, डोळे मिटून, समाधानाने.

"केतकी, तो मी नाही!" वरद म्हणाला. "मी अजून इथेच आहे! पुन्हा वाटी भर!"

"हा फोन अजून चालूच आहे?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती फोनकडे बघतही नव्हती. "ठेव ना तो. आता कुणाची वाट बघायचीय?"

एक हात पुढे आला. थोडा वेळ पंखा दिसला, मग काहीच नाही.

"मगदूमसाहेब," सेक्रेटरी म्हणाले, "हिरवीत दोन छटा आहेत. तुम्ही आहात ना?"

"आहे," वरद म्हणाला, आणि त्याला जांभई आली.